आधी किल्ली, मग कुलूप, बोट सगळ्यात शेवटी: लॅपटॉपला ठशाची राखण लावताना

गेल्या जुलैत माझ्याच लॅपटॉपने मला दारात उभं केलं. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी नेहमीसारखं पाणी तुंबलेलं, रिक्षा मिळेना, पाठीवरची बॅग खालून भिजली आणि लॅपटॉप गेला. एका सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलून दिला. घरी आणून चालू केला तर निळा पडदा आणि एकच मागणी: रिकव्हरी की टाका, ४८ आकडी. मी सवयीने बोट टेकवलं. काही होणारच नव्हतं. ते दार विंडोज सुरू व्हायच्या आधीचं होतं. बोट लागतं ते त्याच्या आतल्या दाराला.

नौपाड्यात पंधरा वर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, आणि स्वतःची किल्ली कुठे ठेवली ते मला सांगता येईना. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असायला हवी होती, ते खातं कधीच्या काळी बंद पडलेल्या मोबाइल नंबरावर काढलेलं. शेवटी डिस्क पुसली. गिऱ्हाइकांच्या नोंदींचा बॅकअप होता, पुतणीच्या बारशाच्या व्हिडिओचा नव्हता. वहिनी अजून ऐकवतात.

तेव्हापासून कुणी "दादा, याला तेवढा थंब लावून द्या" म्हणत लॅपटॉप टेबलावर ठेवला की मी काम दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो. आधी किल्ली कागदावर, मग कुलूप, आणि बोट सगळ्यात शेवटी. बोट म्हणजे दाराची कडी आहे. पटकन लागते, पटकन निघते, म्हणून रोजच्या वापराला झकास. पण चोरापासून घर राखतं ते कुलूप, आणि लोक नेमकं तेच लावायचं विसरतात.

खालच्या सगळ्या पायऱ्या विंडोज ११ धरून लिहिल्यात. विंडोज १० वरही त्या जवळपास अशाच आहेत, पण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या घराच्या भिंतीला भोक पडलंय त्याच्या दाराला नवी कडी बसवण्यात अर्थ नाही, तेव्हा जमत असेल तर आधी ११ वर या.

ठसा जातो कुठे?

विष्णुनगरात राहणाऱ्या एक काकू आहेत, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नातवाने दिलेल्या लॅपटॉपला ठसा लावायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "अरे, म्हणजे माझं बोट आता अमेरिकेला जाणार का?"

नाही जात. सेन्सर बोटाचा फोटो काढून जपून ठेवत नाही. बोटावरची रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांचा तो एक गणिती नमुना बनवतो. हा नमुना त्या लॅपटॉपमध्येच राहतो, चांगल्या सेन्सरमध्ये तर सेन्सरच्या स्वतःच्या चिपमध्ये, आणि जुळवाजुळवही तिथेच होते. विंडोजमध्ये या सोयीला विंडोज हॅलो म्हणतात. २०१५ साली विंडोज १० बरोबर ती आली.

गोंधळ होतो तो रेशन दुकानामुळे. तिथल्या पॉस मशीनवर आपण बोट ठेवतो तेव्हा ठसा आधारच्या सर्व्हरकडे जातो आणि तिकडून होकार येतो. लॅपटॉपचं तसं नाही. इंटरनेट बंद असलं तरी तो बोट ओळखतो.

याच गोंधळातून दुसरी चूक होते. डेस्कटॉपला किंवा जुन्या लॅपटॉपला सेन्सर नसतो, म्हणून लोक सेतू केंद्रात दिसतं तसं आधारचं मशीन विकत घेऊन येतात. ते बँकेच्या आणि सरकारी कामांसाठी, वेगळ्या सॉफ्टवेअरवर चालतं. विंडोज त्याला लॉगिनसाठी विचारत नाही. तुम्हाला यूएसबीचा छोटा रीडर हवा आणि त्याच्या खोक्यावर 'विंडोज हॅलो' असं स्पष्ट छापलेलं हवं. छापलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका. डेस्कटॉपचा डबा टेबलाखाली असेल तर सोबत एक यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या, नाहीतर दर वेळी ओणवं व्हावं लागेल आणि आठवड्यात तुम्ही ठसा वापरणं सोडून द्याल.

किल्ली

आता लॅपटॉप चालू करा. सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जा आणि 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा. विंडोजची होम आवृत्ती असेल तर हेच नाव दिसेल. प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये 'बिटलॉकर' असेल. काम एकच: डिस्कवरचं सगळं अशा रूपात ठेवायचं की डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तरी कुणाला काही वाचता येऊ नये.

गंमत अशी की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे आधीच चालू असतं. पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलंत की विंडोज गुपचूप कुलूप लावतं आणि किल्ली त्या खात्यात ठेवून देतं. मालकाला पत्ताच नसतो. मग मदरबोर्ड बदलला की पडदा निळा होतो, कारण कुलपाची रोजची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. बोर्डाबरोबर चिप गेली, चिपबरोबर किल्ली. मग उरते फक्त ती ४८ आकडी.

म्हणून आत्ताच, दुसरं काही करायच्या आधी, ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. डिव्हायसेसच्या पानावर तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकर की बघायची सोय आहे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट दिसतील आणि शेजारी किल्लीचा ओळख क्रमांक. घरात आधी दोन-तीन लॅपटॉप वापरून झाले असतील तर किल्ल्याही दोन-तीन असतील. ओळख क्रमांकाची पहिली आठ अक्षरं सोबत उतरवली नाहीत तर कुठली कशाची ते ऐन वेळी कळत नाही. प्रो असेल तर बिटलॉकरच्याच पडद्यावरून किल्ली सरळ छापता येते.

छापा किंवा हाताने लिहा, पण कागदावर घ्या. तिचा फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणं. एक प्रत पासबुकांच्या फाइलीत, दुसरी दुसऱ्या घरात. माझी आता नेरुळला बहिणीकडे असते.

हाताने लिहिलं असेल तर ताळा करून बघायची एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. भाग जात नसेल तर उतरवताना कुठेतरी चुकलंय. याबद्दल पुढे पुन्हा येतो, काकूंकडे.

ज्या खात्यात किल्ली आहे, त्याचा मोबाइल नंबर आणि पर्यायी ईमेल चालू आहेत ना, तेही याच बैठकीत बघून टाका. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कुलूप

एन्क्रिप्शन बंद असेल तर आता चालू करा, आणि तेव्हा तयार होणारी किल्ली वर सांगितली तशीच कागदावर घ्या. चार्जर लावून ठेवा, डिस्क मोठी असेल तर वेळ जातो. काम मागे चालू राहतं, तुम्ही आपलं वापरत राहायचं. त्याआधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. कुलूप चोराला थांबवतं, डिस्क बिघडायची थांबवत नाही.

पुढे पिन. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स. विंडोज पिन असल्याशिवाय बोट घेतच नाही, आणि इथे बहुतेक लोक घाईत चार आकडे टाकून मोकळे होतात. ठाण्यात ते चार आकडे कुठले असतात हे मी डोळे मिटून सांगू शकतो: गाडीच्या नंबरप्लेटवर एमएच ०४ आणि मधल्या अक्षरांच्या पुढचे. नवी मुंबईत एमएच ४३ च्या पुढचे. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी, पिन तिच्यावर रंगवलेला!

थोडा विचार करा. बोट हा पिनला पर्याय आहे, पिनच्या वरचा पहारा नाही. बोट जुळलं नाही की विंडोज लगेच म्हणतं, बरं, पिन सांगा. म्हणजे लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या बोटाच्या नादी लागणारच नाही, तो पिनच बघेल. पिन कच्चा तर सगळंच कच्चं. पिन बदलताना 'इन्क्लूड लेटर्स अँड सिम्बॉल्स' ही चौकट टिकमार्क करा आणि आठ-दहा अक्षरी काहीतरी ठेवा. रोज टाइप करायचा नसल्यामुळे लांब पिनचा जाचही नाही. खरं तर बोटाचा मोठा फायदा मला हाच वाटतो, की त्याच्यामुळे पिन लांब ठेवायची चैन परवडते.

दुसरा फायदा ठाणे-वाशी लोकलमध्ये कळतो. ठाण्याला गाडी रिकामी लागते, बसायला मिळतं, आणि ऐरोलीच्या आत मांडीवर लॅपटॉप उघडणारे चार जण दिसतात. त्यांच्या डोक्यावर उभे असलेले आठ जण त्यांचा कीबोर्ड बघत असतात. बोट टेकवलंत तर बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कुलपातच मोडणारी आणखी एक गोष्ट: घरात माणसं जितकी तितकी खाती. मुलाला गेम खेळायचा असतो म्हणून त्याचं बोट स्वतःच्या खात्यात नोंदवणारे वडील मी पाहिलेत. नोंदवलेलं प्रत्येक बोट सगळंच उघडतं, तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटसकट. मुलाला वेगळं खातं काढा, तेही स्टँडर्ड, ॲडमिनिस्ट्रेटर नको. त्या खात्यात त्याचं बोट घ्या. सेन्सर एकच असला तरी ज्याचं बोट त्याचं खातं उघडतं.

बोट

आता आलो बोटावर. त्याच साइन-इन ऑप्शन्सच्या पानावर 'फिंगरप्रिंट रेकग्निशन' उघडा. 'हा पर्याय सध्या उपलब्ध नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर सेन्सर नसेल किंवा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारं सॉफ्टवेअर, नसेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बायोमेट्रिक डिव्हायसेस' असा गट दिसतो का बघा. नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, आपलं मॉडेल टाकून, ड्रायव्हर उतरवा. गुगलवर पहिल्या दिसणाऱ्या फुकट ड्रायव्हरच्या साइटवरून नको.

'सेट अप' दाबलं की पिन मागेल आणि मग बोट टेकवा-उचला, टेकवा-उचला असं करायला लावेल. हात धुऊन, कोरडे करून, एक मिनिट थांबून सुरुवात करा. आणि लॅपटॉप रोज जसा वापरता तसाच समोर ठेवा. लोक नोंदणीच्या वेळी तो उचलून डोळ्यांसमोर धरतात, बोट अगदी सरळ, परेडला उभं केल्यासारखं ठेवतात. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर रेलून तिरकं बोट लावलं की सेन्सर तोंड फिरवतो. पहिल्या फेरीत बोटाचा मधला भाग, नंतर तो कडा मागतो, तेव्हा खरोखर कडा द्या: डावी बाजू, उजवी बाजू, टोक.

कुठलं बोट? सेन्सर पॉवर बटणात, उजव्या कोपऱ्यात असेल तर उजव्या हाताची तर्जनी किंवा मधलं बोट सहज पोचतं. मी अंगठा टाळायला सांगतो. रेशन, सिमकार्ड, भाडेकरार, घराची नोंदणी, सगळीकडे आपण अंगठाच देत आलोय. अंगठ्याची प्रत जगात इतक्या ठिकाणी पडलीय की निदान इथे तरी दुसरं बोट असू दे.

मग 'ॲड अनदर फिंगर' दाबून दुसऱ्या हाताचंही एक बोट नक्की घ्या. कांदा चिरताना बोट कापलं, बँडेज लावलं, की हे आठवेल. तेच बोट दोनदा नोंदवायला गेलात तर विंडोज 'हे आधीच आहे' म्हणून परत पाठवतं. आणि 'रिमूव्ह' जपून दाबा, त्या खात्यातली सगळी बोटं एकदम जातात.

शेवटी त्याच पानावर खाली विचारलेलं असतं की तुम्ही दूर गेलात तर परत साइन-इन कधी मागायचं. तिथे 'झोपेतून उठल्यावर' असा अर्थ असलेला पर्याय निवडा. 'नेव्हर' असेल तर इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात.

बोट घेत नाही, मग?

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका दलालांच्या गाळ्यावर मला दोनदा जावं लागलं. पहिल्यांदा रीडर बसवायला, दुसऱ्यांदा त्यांची तक्रार ऐकायला. "अहो, सकाळी घेतं, दुपारी नाही घेत. मशीन परत करा."

मी म्हटलं, बोट दाखवा. दिवसभर हळदीचे, मिरचीचे नमुने बोटात चोळून बघणारा माणूस. तर्जनीच्या आणि अंगठ्याच्या रेघा नव्या गुळगुळीत पाटीसारख्या झिजलेल्या, आणि ज्या उरल्या होत्या त्यांच्या खाचांत पिवळी पूड बसलेली. रीडरच्या काचेवरही पिवळा थर. सेन्सरला उंचवटे आणि खाचा यांच्यातला फरक कळावा लागतो. खाच पुडीने भरली की त्याच्या लेखी बोट सपाट. मशीन बिचारं निर्दोष होतं.

काच मऊ कोरड्या कापडाने पुसली. त्यांच्या डाव्या हाताची अनामिका पाहिली तर तिच्यावरच्या रेघा जशाच्या तशा, कारण त्या बोटाने कुणी हळद चोळत नाही. तीच नोंदवली. "म्हणजे अंगठीचं बोट कामाला लागलं," ते म्हणाले. तिसऱ्यांदा बोलावणं आलं नाही.

हे सूत्र सगळ्यांना लागू आहे. भांडी घासणाऱ्या, सिमेंटमध्ये काम करणाऱ्या, केमिकल हाताळणाऱ्या हातांची कामाची बोटं झिजतात. कमी कामाचं बोट शोधा. वयस्कर माणसांची त्वचा कोरडी पडते. त्यांनी बोट कपाळावर किंवा केसांत हलकं फिरवून मग टेकवायचं. रेशनच्या रांगेतली ही जुनी युक्ती लॅपटॉपवरही चालते, कारण त्वचेला जराशी ओल आणि तेल मिळालं की सेन्सरला रेघा नीट दिसतात. हातांना रात्री व्हॅसलीन लावलं तर आठवडाभरात फरक पडतो.

पावसाळ्यात उलट दुखणं. ओल्या बोटावर पाणी खाचांत भरतं आणि पुन्हा सगळं सपाट. शर्टाला पुसून भागत नाही, रुमालाने नीट टिपा. पाण्यात बराच वेळ राहून सुरकुतलेलं बोट तर पंधरा-वीस मिनिटं विसराच, पिन टाका. ठसा भर पावसाळ्यात नोंदवला असेल आणि हिवाळ्यात तो अडायला लागला, तर काढून नव्याने नोंदवणं हाच सरळ उपाय. काचेवर सॅनिटायझर मारू नका.

बोट ठीक, काच ठीक आणि तरी सेन्सर मेल्यासारखा पडला, विशेषतः लॅपटॉप झोपून उठल्यावर, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या सेन्सरवर जा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू दे' अशा अर्थाची चौकट असेल तर तिची टिकमार्क काढा. तरी नाही झालं तर सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज बायोमेट्रिक सर्व्हिस' रीस्टार्ट करा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी या दोहोंत मिटतात.

फायलींचं काय?

लॉगिनला बोट लावलं म्हणजे फायली कुलपात गेल्या असं नाही. बाहेरचं दार उघडलं की आतली कपाटं सताड उघडी असतात. चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबायची सवय ही त्यावर सगळ्यात स्वस्त तजवीज. परत येऊन बोट टेकवायला एक सेकंद लागतो, त्यामुळे आता आळसाला सबब नाही.

मोजक्या कागदांसाठी, म्हणजे आधार, पॅन, पासपोर्टच्या प्रतींसाठी, वनड्राइव्हमधलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतलं, पर्सनल व्हॉल्ट बरं. ते बोटाने किंवा पिनने उघडतं आणि कॉम्प्युटरवर वीस मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतं. फुकटच्या खात्यात त्यात तीनच फायली राहतात. सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडलेत तर एकच मोजली जाते.

जास्त माल असेल, उदाहरणार्थ अशिलांचे हिशेब किंवा रुग्णांच्या नोंदी, तर मी व्हेराक्रिप्ट वापरतो. ते डिस्कवर एक तिजोरी तयार करतं, पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते आणि बंद केली की नुसती एक न वाचता येणारी फाइल उरते. व्हेराक्रिप्टला बोट कळत नाही, लांबलचक पासवर्डच लागतो. म्हणून तो पासवर्ड कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा. या दोघांनाही विंडोज हॅलो जोडता येतं. एकदा मास्टर पासवर्ड दिला की नंतर बोटाने उघडतात, तिथून पासवर्ड उचलून तिजोरीला द्यायचा. मास्टर पासवर्डही लिहून ठेवा, पण रिकव्हरी कीच्या कागदावर नको. वेगळ्या कागदावर, वेगळ्या जागी.

रीडरबरोबर 'बोटाने फोल्डर लॉक करा' म्हणणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्यापासून लांब राहा. त्यातली बरीचशी फोल्डर नुसतं लपवतात. पारखायचं असेल तर एक बिनमहत्त्वाची फाइल पेन ड्राइव्हवर त्या सॉफ्टवेअरने 'लॉक' करा आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून, लपलेल्या फायली दाखवा म्हणा. फाइल उघडली तर ते कुलूप नव्हतं, पडदा होता.

कुणी माझं बोट चोरलं तर?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो खुळा नाही. २००२ साली जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटीनच्या बोटांनी त्या वेळचे रीडर फसवून दाखवले होते. २०१३ मध्ये आयफोनला टच आयडी आला आणि काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशावरून नकली बोट करून तो उघडला. आपल्याकडे २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे घेऊन रबरी बोटं बनवली गेली आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली गेली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी डेल, लेनोवो आणि मायक्रोसॉफ्टच्या एकेका लॅपटॉपवर विंडोज हॅलोचा ठसा बगल देऊन दाखवला. तिथे तर नकली बोटही लागलं नाही. सेन्सर आणि विंडोज यांच्यातल्या संभाषणात ते शिरले. तीनपैकी दोन यंत्रांवर ते संभाषण सुरक्षित ठेवायची सोयच बंद होती.

पण यातलं प्रत्येक काम कसबाचं आहे, आणि त्यासाठी तुमचा लॅपटॉप हातात हवा. ठाण्यातल्या मध्यमवर्गीय घराला धोका वेगळा असतो: लोकलमध्ये राहिलेली बॅग, सोडून गेलेला नोकर, दुपारी घोरणारे आजोबा. हसू नका. माझ्या भाच्याने आजोबांचं बोट झोपेत टॅबला लावून गेम विकत घेतलेला आहे. ज्याच्यावर खरोखर कुणाची नजर आहे, म्हणजे मोठे व्यवहार हाताळणारा वकील किंवा सीए, त्याने प्रो घेऊन बिटलॉकरला सुरुवातीचा वेगळा पिन लावावा, म्हणजे तो दिल्याशिवाय विंडोज सुरूच होत नाही. बाकीच्यांनी वेळोवेळी अपडेट घ्यावेत आणि शांत झोपावं. भाचा नसेल तर.

एक मात्र सगळ्यांनी करा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटं दहाच आहेत. आधारच्या ॲपमधून आपलं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. ठशाने खात्यातून पैसे काढण्याच्या फसवणुकीला त्याने आळा बसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

मॅक आणि लिनक्स, धावतं

मॅकवर एका खात्यात तीन ठसे घेता येतात आणि रीस्टार्ट केल्यावर, किंवा पाच वेळा बोट चुकल्यावर, तो पासवर्डच मागतो. ही शिस्त मला आवडते. फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का तेवढं बघा आणि त्याचीही रिकव्हरी की लिहून ठेवा. लिनक्सवर एफप्रिंटडी हे ठसा ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. आपला सेन्सर त्याच्या यादीत आहे का ते लॅपटॉप घ्यायच्या आधीच बघा. तिथे बोटाने लॉगिन केलंत तरी साठवलेल्या पासवर्डांचा कीरिंग वेगळा पासवर्ड मागतो, तो बिघाड समजू नका.

एकदा रंगीत तालीम

सगळं झाल्यावर एका रविवारी पंधरा मिनिटं काढा. लॅपटॉप रीस्टार्ट करा. मुद्दाम न नोंदवलेलं बोट लावा, तो नाकारतो ना बघा. पिन आठवतो ना, टाकून बघा. महिनाभर बोट वापरलं की पिन डोक्यातून जातो, हा माझा रोजचा अनुभव. लॅपटॉप दुरुस्तीला देताना किल्लीचा कागद हाताशी आहे याची खात्री करा, पण कागद बॅगेत घालून देऊ नका. विकायचा असेल तर आधी ठसे 'रिमूव्ह' करा, मग 'रीसेट धिस पीसी'मधून सगळं काढून टाका, आणि तिथे 'क्लीन डेटा'चा पर्याय चालू ठेवा.

आणि किल्लीचा कागद वाचून बघा. काकूंनी त्यांची किल्ली स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिली होती आणि मी ११ ने भागायचं सांगितल्यावर चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसल्या. आठही भागाकार, पायऱ्यांसकट. सात बरोबर आले, पाचव्या गटात बाकी ३ उरली. मी पडद्यावर आणि कागदावर आळीपाळीने बघतोय, मला फरक दिसेना. त्यांनाच दिसला. पडद्यावरचा इंग्रजी नऊ त्यांनी दिसला तसा गिरवला होता, आणि वाचताना त्याचा मराठी एक झाला होता.

"बघ," त्या म्हणाल्या, "पेपरात मी याला अर्धा मार्क कापत असे." आणि तो आकडा खोडून त्यांनी वर अक्षरात लिहिलं: नऊ.